कमांडरचा पहिला डेक: चौघांच्या टेबलावर टिकायचं कसं

मेंढीकोटात समोर बसलेला भिडू आपला असतो. मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या कमांडर प्रकारातही टेबलाला चौघंच बसतात, पण इथे भिडू कोणीच नाही. तिघंही विरोधक असतात आणि तरी त्यांच्यापैकी एखाद्याने वेळेवर मदत केली नाही तर तुमचा डाव पाचव्या पाळीतच आटोपतो. दोघांच्या खेळातून इकडे येणारे बहुतेक जण इथेच अडखळतात. मीही अडखळले. लाल रंगाचा वेगवान डेक घेऊन आले होते, पहिल्या तीन पाळ्यांत कोणाला तरी बारा-पंधराचा फटका द्यायचे, आणि मग तिघं मिळून माझा हिशोब चुकता करायचे. कार्डं चांगली होती. चौघांचा खेळ वेगळा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

हा लेख त्यासाठीच. मॅजिकचे मूळ नियम, म्हणजे लँड टॅप करून मॅना काढणं, हल्ला, बचाव वगैरे, तुम्हाला थोडेफार येतात असं धरून चालते.

## काय काय लागेल

- १०० कार्डांचा एक डेक. पहिल्यांदा तयार डेकच घ्या, तो उघडून लगेच खेळता येतो.
- १०० स्लीव्ह्ज आणि वर चार-पाच जास्तीच्या. मॅजिकचं कार्ड ६३ × ८८ मिलिमीटरचं असतं. काही जपानी खेळांची कार्डं त्याहून अरुंद असल्यामुळे त्यांच्या लहान स्लीव्ह्जही बाजारात असतात, त्यात ही कार्डं जात नाहीत. पाकिटावरचं माप वाचूनच घ्या.
- डेक बॉक्स, दोन-तीन फासे, लाइफ मोजायला वही किंवा फोनवरचं ॲप.
- टोकनसाठी, म्हणजे डेकमधल्या कार्डाशिवाय टेबलावर येणाऱ्या क्रीचरसाठी, काहीतरी. मी कॅरमच्या सोंगट्या वापरते: याच पाळीत आलेल्या, म्हणजे अजून हल्ला करू न शकणाऱ्या गोब्लिनसाठी पांढऱ्या आणि तयार असलेल्यांसाठी काळ्या. टेबलावरच्या सगळ्यांना एका नजरेत कळतं, वाद होत नाहीत.
- फोनवर स्क्रायफॉल (कार्डाचा नेमका मजकूर आणि निवाडे बघायला) आणि मॉक्सफील्ड किंवा आर्किडेक्ट (यादी ठेवायला).

## १. डाव बदलणारे नियम आधी डोक्यात बसवा

कमांडर हा प्रकार खेळाडूंनीच घडवला. तेव्हा त्याला एल्डर ड्रॅगन हायलँडर म्हणत. मॅजिक काढणाऱ्या कंपनीने त्यासाठी खास तयार डेक काढले ते २०११ मध्ये. पुढच्या पाच गोष्टींमुळे हा खेळ दोघांच्या मॅजिकपेक्षा वेगळा होतो.

प्रत्येकाचं लाइफ ४०. म्हणजे तुम्हाला एकूण १२० लाइफ संपवायचं आहे. दोघांच्या खेळात लाइटनिंग बोल्टचे ३ डॅमेज म्हणजे २० मधले ३. इथे ते १२० मधले ३.

साधी लँड सोडली तर प्रत्येक कार्ड एकदाच. आवडतं कार्ड चार वेळा घालायची सोय नाही, त्यामुळे ‘ते कार्ड आलं की जिंकू’ या आशेवर डेक उभा राहत नाही.

कमांडर, म्हणजे डेकचं नेतृत्व करणारं एक खास क्रीचर, वेगळ्या जागी, सगळ्यांसमोर उघडा ठेवलेला असतो आणि तिथून कधीही खेळता येतो. तो मेला तर परत त्या जागी नेता येतो, पण तिथून पुन्हा खेळताना दर खेपेला २ मॅना जास्त पडतात. चारचा कमांडर दुसऱ्यांदा सहाला, तिसऱ्यांदा आठला.

कमांडरच्या कार्डावर ज्या रंगांची चिन्हं आहेत तेवढेच रंग डेकमध्ये. इथे नवखे हमखास फसतात: फक्त किंमत बघतात. कार्डाच्या मजकुरात निळ्या मॅनाचं एक चिन्ह असलं तरी ते कार्ड लाल कमांडरच्या डेकमध्ये चालत नाही.

आणि एकाच कमांडरने हल्ल्यात एखाद्याला डावभरात एकूण २१ डॅमेज दिलं, तर तो खेळाडू बाद. त्याचं लाइफ ६० का असेना.

## २. डेक काय करतो, ते एका वाक्यात लिहा

कमांडर निवडलात की कागदावर एक वाक्य लिहा: ‘माझा डेक अमुक करून जिंकतो.’ वाक्यात ‘किंवा’ आलं तर थांबा. पहिल्या डेकमध्ये ड्रॅगनही आवडतात, एल्फही आवडतात, ग्रेव्हयार्डमधून उठवणंही आवडतं, म्हणून तिन्हींची तीस-तीस कार्डं घातली जातात. डावात नेमकी चुकीच्या तिसऱ्या भागाची कार्डं हातात येतात.

उदाहरणासाठी क्रेन्को, मॉब बॉस घेऊ. चार मॅनाचा लाल गोब्लिन. तो टॅप केला की तुमच्याकडे जितके गोब्लिन असतील तितके नवे एक-एकचे (ताकद एक, जीव एक) गोब्लिन येतात. एकटा असला तर एक येतो, म्हणजे दोन झाले. पुढच्या पाळीला दोन येतात, चार झाले. मग आठ, मग सोळा. वाक्य झालं: ‘क्रेन्को टॅप करून गोब्लिन दुप्पट करत राहायचे आणि त्या संख्येवर जिंकायचं.’

आता प्रत्येक कार्डाला विचारा, तू या वाक्याच्या कुठल्या शब्दासाठी आलास? लाइटनिंग ग्रीव्ह्ज घातल्या तर क्रेन्को आल्या पाळीतच टॅप होतो आणि विरोधकांना त्याला लक्ष्य करता येत नाही. (ग्रीव्ह्ज असताना तुम्हालाही त्याला लक्ष्य करता येत नाही, हे विसरू नका.) इम्पॅक्ट ट्रेमर्स हे दोन मॅनाचं कार्ड तुमच्याकडे येणाऱ्या दर क्रीचरमागे प्रत्येक विरोधकाला १ डॅमेज देतं. एकाच वेळी आठ गोब्लिन आले की तिघांना आठ-आठ, म्हणजे हल्ला न करता चोवीस. लाइटनिंग बोल्टचे तीन आठवा. चौघांच्या टेबलावर ‘प्रत्येक विरोधक’ हे शब्द जिथे दिसतील तिथे थांबून ते कार्ड पुन्हा वाचा.

## ३. नव्याण्णवचा हिशोब

कमांडर सोडून उरलेल्या ९९ कार्डांचं माझं सुरुवातीचं प्रमाण असं, आणि पहिल्या डेकसाठी मी आजही हेच सांगते:

- लँड ३७
- मॅना वाढवणारी कार्डं १० (सोल रिंग, आर्केन सिग्नेट, हिरव्यात कल्टिव्हेटसारखी)
- कार्ड ड्रॉ १०
- एकेक धोका हटवणारी ८
- सगळं टेबल साफ करणारी ३
- उरलेली ३१ तुमच्या वाक्यासाठी

लँड कमी करण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण लँड कंटाळवाणी वाटतात. हिशोब करून बघा. ९९ मध्ये ३७ लँड असतील तर पहिल्या सात कार्डांत सरासरी २.६ येतात. या प्रकारात पहिल्या पाळीलाही सगळे कार्ड ओढतात, म्हणून चौथ्या पाळीपर्यंत तुम्ही अकरा कार्डं पाहिलेली असतात आणि त्यात सरासरी ४.१ लँड असतात. चौथ्या पाळीला क्रेन्को उतरवायला बरोबर पुरतात. तीच लँड ३३ केलीत तर सरासरी ३.७ वर येते. कागदावर फरक किरकोळ दिसतो, पण टेबलावर तो ‘मी या पाळीत काही करत नाही’ या वाक्याच्या रूपात भेटतो.

सुरुवातीच्या हातात तीन-चार लँड आणि लवकर खेळता येईल असं एखादं कार्ड असेल तर ठेवा. दोन लँड आणि पाच सुंदर कार्डं असा हात ठेवू नका. चौघांच्या खेळात पहिला मलिगन (हात परत पिसून नवा घेणं) फुकट असतो, सातची सात कार्डं परत मिळतात. त्यासाठी लाजायचं कारण नाही.

## ४. समोरचे डेक ओळखायला शिका

कमांडर सगळ्यांचे उघडे असतात, त्यामुळे पत्ते पिसायच्या आधीच तिघांचीही वाक्यं निम्मी कळलेली असतात. त्यांचे कमांडर उचलून वाचा. विचारून उचला, पण वाचाच.

टोकनचा लोंढा. क्रेन्कोसारखे. यांना तिसऱ्या-चौथ्या पाळीत अडवायचं असतं, तेव्हा एका कार्डात काम होतं. सोळा गोब्लिन झाल्यावर टेबल साफ करण्यावाचून उपाय नाही. यांच्यासमोर प्रोपगँडा किंवा घोस्टली प्रिझन फार कामाची: तुमच्यावर हल्ला करणाऱ्या दर क्रीचरमागे त्यांना २ मॅना मोजावे लागतात, म्हणून लोंढा शेजाऱ्याकडे वळतो.

व्होल्ट्रॉन. एकाच कमांडरवर सगळी शस्त्रं चढवून २१ डॅमेजने एकेकाला बाद करणारे. कमांडरला संरक्षण असेल तर त्याला लक्ष्य करता येत नाही, पण ‘विरोधकाने स्वतःचं एक क्रीचर बळी द्यावं’ असं सांगणारी काळी कार्डं त्यातूनही लागू पडतात, कारण त्यांना लक्ष्य लागत नाही आणि याच्याकडे देण्याजोगं दुसरं क्रीचर बहुधा नसतं. व्होल्ट्रॉन खेळणाऱ्याची स्वतःची अडचण वेगळी. पहिल्याला बाद करेपर्यंत उरलेले दोघं सावध झालेले असतात.

रॅम्प. हिरवा रंग, पाचव्या पाळीला आठ-नऊ लँड, मग प्रचंड क्रीचर. पहिल्या चार पाळ्या हा माणूस टेबलावरचा सगळ्यात गरीब दिसतो, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. छोटी क्रीचर असतील तर तेव्हाच त्याच्यावर हल्ला करा.

कंट्रोल. समोरच्याचं सगळं अडवत राहायचं आणि शेवटी जिंकायचं. दोघांच्या खेळातली ही खानदानी पद्धत चौघांत अवघड होते, आणि त्याचं कारण नीट समजून घ्या. तुम्ही एक कार्ड खर्चून डावीकडच्याचं एक कार्ड मोडलंत. तुम्ही दोघं एकेक कार्डाने खाली आलात. बाकीचे दोघं जिथल्या तिथे, म्हणजे फुकटात पुढे. म्हणून इथे कंट्रोलने सगळ्याला उत्तर द्यायला जायचंच नाही. मी कंट्रोल खेळते तेव्हा एकच विचारते: यामुळे मी हरणार आहे का? नसेल तर जाऊ देते.

ॲरिस्टोक्रॅट्स. स्वतःची क्रीचर बळी देऊन फायदा काढणारे. झुलापोर्ट कटथ्रोट टेबलावर असताना त्यांचं एक क्रीचर मेलं की प्रत्येक विरोधकाचं १ लाइफ जातं. त्यांची क्रीचर मारणं म्हणजे त्यांचं काम करून देणं. मारण्याऐवजी एक्झाइल करणारी, म्हणजे डावातूनच बाहेर काढणारी, कार्डं वापरा. काळा रंग असेल तर बोजुका बॉग घाला, ही लँड येताना एका खेळाडूचं अख्खं ग्रेव्हयार्ड उडवते आणि एरवी साधी लँड म्हणून चालते.

कॉम्बो. दोन-तीन कार्डं जुळली की डाव खलास. एक्सक्विझिट ब्लड आणि सँग्विन बॉण्ड ही जुनी जोडी घ्या. पहिलं म्हणतं, विरोधकाचं लाइफ गेलं की तितकं तुम्हाला मिळेल. दुसरं म्हणतं, तुम्हाला लाइफ मिळालं की तितकं एका विरोधकाचं जाईल. एकदा १ लाइफ कुठूनही हललं की चक्र सुरू होतं ते टेबल संपेपर्यंत. दोन्ही पाच-पाच मॅनाची आहेत, त्यामुळे पहिलं पडलं की दुसरं येण्याआधी बहुधा एक फेरी मिळते. त्या फेरीत पहिलं फोडलंच पाहिजे, आणि ते फोडायचं कार्ड तिघांपैकी कोणाकडे आहे हे उघड बोलून ठरवा. चौघांच्या खेळात बोलणं हीसुद्धा चाल आहे.

यांशिवाय सगळ्यांना कार्डं वाटत सुटणारे ‘ग्रुप हग’ डेक असतात. दान घ्या, आभार माना, आणि तो जिंकणार कसा हे मात्र शोधत राहा.

## ५. टेबल साफ करण्याआधी टेबल वाचा

एक डाव सविस्तर सांगते, कारण त्या एका डावात मी जेवढं शिकले तेवढं आधीच्या पन्नासांत शिकले नव्हते.

माझा क्रेन्को. डावीकडे हिरवा रॅम्प, समोर काळा ॲरिस्टोक्रॅट्स, उजवीकडे पांढरा-निळा कंट्रोल. नववी पाळी. माझे आठ गोब्लिन क्रेन्कोसकट, हिरव्याची दोन क्रीचर, काळ्याची चार. त्या चारांत ब्लड आर्टिस्ट. कंट्रोलवाल्याकडे एकही क्रीचर नाही, लाइफ १३. बहुतेक मार माझ्याच गोब्लिनचा. पुढच्या पाळीत मी दुप्पट होऊन त्याच्यावर जाणार हे त्याला दिसत होतं. त्याने चार मॅना टॅप केले आणि राथ ऑफ गॉड टाकलं. सगळी क्रीचर नष्ट.

ब्लड आर्टिस्ट म्हणतं: हे किंवा दुसरं कुठलंही क्रीचर मेलं की एका खेळाडूचं १ लाइफ जातं आणि त्याच्या मालकाला १ मिळतं. कुठलंही, म्हणजे कोणाचंही. आणि सगळी एकदम मेली तरी ते सगळी मोजतं, स्वतःसकट. आठ, दोन, चार: चौदा. काळ्याने शांतपणे तेरा कंट्रोलवाल्यावर लावले आणि एक माझ्यावर. ज्याने राथ टाकलं तोच टेबलावरून उठला.

उठताना त्याने हात उघडा केला. त्यात स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स होतं, एका पांढऱ्या मॅनाचं, आणि टेबलावर त्याच्या सहा लँड होत्या. आधी स्वोर्ड्सने ब्लड आर्टिस्टला एक्झाइल करायचं, मग राथ. एकूण पाच मॅना. स्वोर्ड्स समोरच्याला क्रीचरच्या ताकदीइतकं लाइफ देतं, आणि ब्लड आर्टिस्टची ताकद शून्य आहे. त्याच्या हातात पूर्ण उत्तर होतं, क्रम तेवढा उलटा पडला.

माझी चूक वेगळी होती. सातव्या पाळीपर्यंत मी हातातलं सगळं उतरवलं होतं. राथनंतर क्रेन्को परत आणायला सहा मॅना, आणि हातात काहीच नाही. डाव शेवटी हिरव्याने मारला. राथने क्रीचर नेली, त्याच्या अकरा लँडना हात लावला नव्हता.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. जिंकायला पुरेसं टेबलावर असेल तर आणखी उतरवत नाही, निदान दोन क्रीचर हातात ठेवते. आणि सगळं साफ करणारं कार्ड टाकण्याआधी चौघांसमोरचं प्रत्येक कार्ड एकदा वाचते, हे झाल्यावर कोण कुठे असेल ते मोजते. त्याला अर्धं मिनिट लागतं आणि कोणी रागवत नाही.

## ६. डाव मांडण्याआधी पाच मिनिटं बोला

चार डेकांची ताकद जुळली नाही तर खेळात कोणालाच मजा नाही. म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच पायऱ्यांची पद्धत आली, तिला ब्रॅकेट म्हणतात. पहिली पायरी हौसेच्या डेकांची, पाचवी स्पर्धेच्या. तयार डेक साधारण दुसऱ्या पायरीवर बसतात. सोबत ‘गेम चेंजर’ नावाच्या जबरदस्त कार्डांची यादी आहे, ऱ्हिस्टिक स्टडी आणि सायक्लॉनिक रिफ्ट त्यात येतात. पहिल्या दोन पायऱ्यांत त्यातलं एकही नको, तिसरीत तीनपर्यंत चालतात.

नुसता आकडा सांगून थांबू नका, वाक्य सांगा: ‘क्रेन्को आहे, टोकनवर जिंकतो, अनंत कॉम्बो नाही, साधारण आठव्या-नवव्या पाळीला.’ छापलेली नक्कल कार्डं असतील तर तीही आधीच सांगा. बहुतेक घरगुती टेबलांवर चालतात, न सांगितलेली मात्र खटकतात.

डावात केलेले करार (‘मी तुझ्यावर हल्ला करत नाही, तू ते फोड’) नियमाने बंधनकारक नाहीत. तरीही मोडू नका. तेच चौघं पुढच्या रविवारीही बसणार असतात.

## ७. पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

बूस्टर पाकिटं फोडून डेक बांधायला जाऊ नका. हवं असलेलं कार्ड सुटंच घ्या. आधी मॉक्सफील्डवर यादी करा, मग ती घेऊन खरेदीला निघा.

एखाद्या कार्डावर फार मोठी रक्कम घालण्याआधी सप्टेंबर २०२४ आठवा: मॅना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस आणि डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट ही महागडी कार्डं तेव्हा एकाच दिवशी बंदीच्या यादीत गेली. पहिल्या वर्षी पैसे लँड आणि ड्रॉवर घाला. डेक बदलला तरी त्यातली बरीच पुढच्या डेकमध्ये चालतात.

चकचकीत फॉइल कार्डं आपल्याकडच्या पावसाळ्यात धनुष्यासारखी वाकतात, मुंबई-कोकणात तर नक्कीच. मग पिसताना नुसत्या वाकण्यावरून कार्ड ओळखू येतं, आणि ते इतरांवर अन्यायाचं. खेळायच्या डेकमध्ये साधी कार्डं ठेवा, बॉक्समध्ये सिलिका जेलची पुडी टाका.

## ८. पाच डाव काही बदलू नका

डेक बांधला की हरल्या हरल्या कार्डं काढायला लागू नका. एका वाईट डावावरून काहीच कळत नाही. पाच डाव खेळा आणि प्रत्येक डावानंतर वहीत तीन गोष्टी लिहा: चौथ्या पाळीला किती लँड होत्या, हात रिकामा कधी झाला, आणि शेवटपर्यंत हातात पडून राहिलेलं कार्ड कोणतं.

माझ्या क्रेन्कोच्या वहीत पहिल्या पाचपैकी चार डावांपुढे ‘हात रिकामा, सातवी पाळी’ असं आहे. मी सहा गोब्लिन काढले आणि ड्रॉ वाढवला. त्यातलं स्कलक्लॅम्प मी तोवर नीट वाचलंच नव्हतं. एक मॅना देऊन ते एक-एकच्या गोब्लिनवर चढवलं की ताकद एकने वाढते, जीव एकने घटतो. गोब्लिन जागीच मरतो आणि दोन कार्डं मिळतात. क्रेन्को एका टॅपला आठ गोब्लिन देत असताना त्यातले तीन असे वापरले की हातात सहा नवी कार्डं येतात. सहाव्या डावात कोणीतरी पुन्हा राथ टाकलं, तेव्हा माझ्या हातात सात कार्डं होती.

वहीतली शेवटची ओळ पडून राहणाऱ्या कार्डाची. तेच नाव दोनदा आलं की ते आधी काढा, ते कितीही सुंदर असलं तरी.